म्हातारा कुत्रा: फिरवायचा किती, शिकवायचं काय आणि सकाळी उठताना काय बघायचं

ढब्बू म्हणजे आमचा लॅब (लॅब्रॅडॉर), आता साडेबारा वर्षांचा आहे. तो दहाचा असताना ऑक्टोबरमध्ये, पाऊस नुकताच उघडला होता, मी त्याला वेताळ टेकडीवर घेऊन गेले, चार महिने चिखलामुळे जाता आलं नव्हतं म्हणून जरा जास्तच फिरलो, चांगला सव्वा तास. साहेब एकदम खूष, गवतात लोळून झालं, कुणाच्या तरी बीगलच्या मागे पळून झालं, घरी येऊन जेवून घोरायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टा हातात घेतला तर पुढच्या पायांवर अर्धा उठला आणि मागचं उचललंच जाईना, नखं फरशीवर खर्रखर्र घसरतायत, माझ्याकडे बघून शेपटी हलवतोय आणि परत बसतोय. तिसऱ्या प्रयत्नात उठला. मला तर रडूच आलं, बाबा म्हणाले अगं माझंही सकाळी असंच होतं, दोन मिनिटं थांब, चालू लागेल. आणि लागला.

त्यानंतर मी दुसरं टोक गाठलं. फिरणं बंद, फक्त खाली जाऊन शू-शी आणि परत वर. तीन महिन्यांत वजन ३४ किलोवरून ३८ वर गेलं, मागच्या मांड्या हाताला लागण्याइतक्या बारीक झाल्या आणि उठणं अजूनच अवघड झालं. जास्त चालवून बिघडलं नव्हतं एवढं न चालवून बिघडलं. सांधे दुखतात म्हणून हलायचं नाही, हललं नाही की स्नायू जातात, स्नायू गेले की सगळा भार परत सांध्यावर, असं ते चक्र असतं. त्यातून बाहेर यायला आम्हाला साधारण सहा महिने लागले, ते कसे गेले ते क्रमाने लिहिते. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, कुत्रा फिरताना कधीच सांगत नाही की मला जास्त होतंय, उत्साहात तो सगळं विसरतो, तो सांगतो दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना. पुढचं सगळं त्या उठण्यावर मोजायचं आहे.

आधी डॉक्टर, आणि त्याच्याही आधी व्हिडिओ

म्हातारा कधी म्हणायचं? मोठ्या जातीचे लवकर म्हातारे होतात. ग्रेट डेन पाच-सहा वर्षांतच, लॅब आणि जर्मन शेफर्ड सात-आठला, पॉम किंवा पग दहाच्या आसपास. आपले देशी त्यामानाने चिवट, पण नऊ-दहानंतर त्यांच्याकडेही लक्ष ठेवायचं.

क्लिनिकमध्ये गेल्यावर कुत्रा टेबलावर ताठ उभा राहतो, लंगडतच नाही, आणि आपण डॉक्टरांसमोर खोटे पडतो. म्हणून घरी मोबाईलवर तीन व्हिडिओ काढा. एक सकाळी पहिल्यांदा उठतानाचा. दुसरा बाजूने चालतानाचा, स्लो मोशनमध्ये. तिसरा समोरून आपल्याकडे चालत येतानाचा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं, नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही, स्लो मोशनमध्ये लगेच दिसतं. मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र उचलत असेल, जिन्यासमोर थांबून विचार करत असेल, एकच सांधा सारखा चाटत असेल, तर तेही सांगा. मागच्या पायाची नखं वरच्या बाजूने घासली जात असतील किंवा पंजा उलटा पडत असेल तर मात्र थांबू नका, ते सांध्याचं नसून मणक्याचं किंवा नसांचं असू शकतं, त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टर काय बघतील? रक्त, लघवी, किडनी-लिव्हर, थायरॉइड, हृदयाचे ठोके, आणि गरज वाटली तर एक्सरे. आपल्याकडे अजून एक गोष्ट आवर्जून विचारायची, टिक फिव्हर. गोचिडीच्या तापात सांधे सुजतात, कुत्रा कण्हतो, उठत नाही, आणि घरातले सगळे म्हणतात वय झालं आता. आमच्या वरच्या मजल्यावरच्या देशी कुत्रीचं हेच झालं, एका ठिकाणी नुसतं टॉनिक लिहून दिलं होतं, दुसरीकडे रक्त तपासलं तर प्लेटलेट्स तळाला. औषधं झाली आणि ती परत गेटवर जाऊन कुरिअरवाल्यावर भुंकायला लागली. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, बाकी शहरात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण एक्सरेची सोय आहे का ते आधी फोन करून विचारा, दुखऱ्या कुत्र्याला रिक्षात घालून दोन चकरा नकोत.

आणि प्लीज, घरातल्या पेनकिलर नाहीत. क्रोसिन नाही, कॉम्बिफ्लॅम नाही, आजीची गुडघ्याची डायक्लोफेनॅक तर मुळीच नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. डायक्लोफेनॅक म्हणजे तेच औषध ज्याने आपल्याकडची गिधाडं संपवली आणि ज्यावर जनावरांच्या वापरासाठी २००६ मध्ये बंदी आली. कुत्र्यांसाठीची सांधेदुखीची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टर वजनावर मोजून देतात आणि मधेमधे रक्त तपासायला सांगतात, ते तपासणं टाळू नका. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांचा पुरावा तसा मिश्र आहे, माशाच्या तेलातल्या ओमेगा ३ चा त्यापेक्षा बरा आहे. दोन्हींचा डोस डॉक्टरांना विचारूनच.

वजन (इथे घरात भांडणं होतात)

व्यायामाच्या आधी हे का, तर ३८ किलोचा ढब्बू आणि ३१ किलोचा ढब्बू यांना एकच व्यायाम देता येत नाही. प्युरिना कंपनीचा एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला, ४८ लॅब्रॅडॉर, पिल्लू असल्यापासून जोड्या लावलेल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणारे साधारण १.८ वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले बिचारे उपाशी.

वजन बघायची घरगुती पद्धत अशी, स्वतःच्या हाताची मूठ वळा आणि बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा, फासळ्या तशा लागल्या तर कुत्रा जास्तच बारीक आहे. हात उघडा ठेवून तळव्याच्या मागच्या बाजूवर फिरवा, तसं लागलं तर बरोबर. बोटांच्या खालच्या गादीसारखं लागलं तर जाड. ढब्बूच्या फासळ्या मला त्या वेळी सापडल्याच नव्हत्या.

मग हिशोब काढला. दोन वेळचं जेवण मी मोजून देत होते, वाटलं होतं बास. एक दिवस घरून काम होतं तेव्हा नुसती मोजली, बाबांच्या चहाबरोबर सकाळी तीन मारी, दुपारी दोन, संध्याकाळी परत तीन, पोळीचा शेवटचा तुकडा दोन्ही वेळा, दुधाच्या पातेल्याची साय, आणि वॉचमनकाकांकडून पार्ले. बाबांना नाही म्हणणं शक्यच नव्हतं, त्यांच्या दिवसातला तो एक आनंद आहे. शेवटी मारीच्या डब्यातच काकडी आणि गाजराचे चकत्या करून ठेवायला लागले, डबा तोच, झाकणाचा आवाज तोच. ढब्बूला काही फरक पडला नाही, त्याला झाकणाच्या आवाजाशी मतलब. महिन्याला अर्धा ते पाऊण किलो उतरत होतं, त्याहून घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही जातात. किडनी किंवा शुगर असेल तर जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका.

मनुके, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण हे कुठल्याच वयात नाही, आणि पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का ते बघा, ते कुत्र्यांना विष आहे.

घराची फरशी

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर फरक पडणारं काम. आपल्या फ्लॅट्समधल्या चकचकीत टाइल्स म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्यासाठी बर्फ. एकदा पाय फाकून पडला की तो त्या खोलीत जायचंच टाळतो, आणि आपल्याला वाटतं त्याचा मूड नाहीये.

झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून दारापर्यंत असा रस्ता तयार करा. योगा मॅट कापून, जुन्या सतरंजीखाली रबराची जाळी घालून, कसंही, फक्त सतरंजीच सरकायला नको. पंजांच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापा, आणि नखं. उभा असताना नखं जमिनीला टेकून टकटक वाजत असतील तर ती लांब आहेत, लांब नखांमुळे पंजा मागे कलतो आणि घसरतो. सोफ्यावर चढायची सवय असेल तर खाली पायरी ठेवा, चढताना उडी एकवेळ परवडली, उतरताना सगळं वजन पुढच्या पायांवर येतं. जेवणाचं भांडं छातीच्या थोडं खाली येईल इतक्या उंचीवर ठेवलं की मान दुखणाऱ्यांना बरं पडतं.

लिफ्ट नसेल किंवा बंद पडली असेल (आमची महिन्यातून दोनदा) तर जुना टॉवेल पोटाखालून, मागच्या मांड्यांच्या अगदी पुढे घ्या आणि दोन्ही टोकं वर धरून थोडं वजन उचला, पूर्ण नाही. नर कुत्रा असेल तर लघवीची जागा दाबली जाणार नाही असं बघा, ढब्बूने पहिल्या दिवशी मधल्या मजल्यावर बसकण मारली ती याचमुळे. उचलून न्यायचंच असेल तर एक हात छातीला पुढून आणि दुसरा मांड्यांच्या मागून, पोटातून उचलायचं नाही.

फिरणं: मिनिटं ठरवायची कशी

पहिल्या तीन दिवसांत फक्त मोजा. नेहमीसारखं सावकाश फिरायला घेऊन जा आणि घड्याळात बघा, कितव्या मिनिटाला तो मागे पडायला लागतो, बसतो, किंवा घराच्या दिशेने वळतो. ढब्बूचं पंचविसाव्या मिनिटाला व्हायचं. त्याच्या निम्मे धरा, म्हणजे बारा. आता बारा मिनिटांचं फिरणं, पण दिवसातून तीनदा. एकदम पाऊण तासापेक्षा बारा-बारा-बारा सांध्यांना फार सोपं जातं, आणि तीनदा हलल्यामुळे आखडणंही कमी होतं.

आठवडाभर रोज सकाळचं उठणं बघा. मी वहीत लिहायचे, एका दमात उठला तर बरोबरची खूण, दोनदा प्रयत्न केला तर एक रेघ, घसरला किंवा कण्हला तर फुली. आठवडाभर बहुतेक बरोबरच्या खुणा असल्या तर प्रत्येक वेळेत दोन मिनिटं वाढवा. रेघा वाढल्या तर आहे तिथेच थांबा. फुली आली तर दोन दिवस निम्मं करा, बंद करू नका. आणि रविवारी वेळ आहे म्हणून तासभर, बाकीचे दिवस मीटिंग आहे म्हणून पाच मिनिटं, हे करूच नका. माझा टेकडीचा घोळ तोच होता. ढब्बू दोन महिन्यांत अठरा मिनिटांवर आला आणि तिथेच राहिला, विसाव्या मिनिटाला दर वेळी दुसऱ्या दिवशी रेघ यायची. ठीक आहे, अठरा.

फिरायला नेताना गळ्याच्या पट्ट्याऐवजी हार्नेस वापरा. म्हाताऱ्या लॅब्जमध्ये स्वरयंत्राचा लकवा हा प्रकार बऱ्यापैकी दिसतो, भुंकणं घोगरं होतं, श्वास घेताना घरघर ऐकू येते, अशा कुत्र्याच्या गळ्यावर ओढ नको आणि उन्हात तर बिलकुल नेऊ नका.

पहिली तीन मिनिटं रमतगमत, तो वॉर्मअप. मधला भाग जरा एकसारख्या चालीने. शेवटची पाच मिनिटं त्याची, हुंगायला सोडा. खांब, कचऱ्याचा डबा, कुणाच्या तरी बुलेटचं चाक, जितका वेळ हवा तितका. आपल्याला वाटतं चला की आता, पण त्याच्या दृष्टीने तो पेपर वाचतोय, आणि डोळे-कान गेले तरी नाक बरंच शेवटपर्यंत साथ देतं. बाबा त्याला घेऊन जातात तेव्हा दोघंही दर खांबाला थांबतात, एक हुंगायला आणि एक दम खायला, माझ्यापेक्षा त्यांचं जास्त जमतं.

बॉल फेकणं मात्र थांबवा. पळत सुटणं, एकदम ब्रेक, गर्रकन वळणं, हेच सांध्यांना सगळ्यात वाईट. बॉल हवाच असेल तर जमिनीवरून हळू सरपटवा किंवा लपवून शोधायला लावा.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत घरात. संध्याकाळी सूर्य गेला तरी डांबर तापलेलंच असतं, हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला नाही जमलं तर त्यालाही नाही. धाप थांबत नाही, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चाल डगमगती, असं दिसलं तर आधी सावलीत अंगावर पाणी ओता आणि पंखा लावा, मग डॉक्टरांकडे. आणि हो, दुपारी नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत येतं, हात घालून बघा, नाहीतर पिण्याच्या माठातलं वापरा. थंडीत उलट, डिसेंबरच्या सकाळी निघायच्या आधी दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कंबरेवर आणि मांडीवर ठेवा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. पावसात परत आल्यावर बोटांच्या मधलं पुसा आणि गोचिडी शोधा, कानाच्या आत, शेपटीच्या खाली, बोटांच्या बेचक्यात.

घरातले व्यायाम

फिरण्याने दम टिकतो, पण उठायची ताकद मागच्या पायांत यायला हे लागतं. दिवसाला पाच मिनिटं, मॅटवर, जेवणाच्या आधी, त्याच्याच जेवणातले दाणे बक्षीस म्हणून. सगळे रोज नाहीत, दोन आज, दोन उद्या. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, आणि कुठलाही करताना तोंड फिरवलं, ओठ चाटले, निघून गेला तर तो व्यायाम त्या दिवशी संपला.

सगळ्यात महत्त्वाचा, बस-ऊठ. हा नीट सांगते कारण चुकीचा केला तर फायदा शून्य. कुत्र्याला भिंतीच्या कडेने उभं करा म्हणजे एक मांडी बाहेर फेकून तिरका बसणार नाही. दाणा नाकापासून हळू वर न्या, बसला की लगेच दाणा द्या. मग दाणा नाकासमोर सरळ पुढे ओढा, वर नाही, पुढे, म्हणजे तो पुढचे पाय न सरकवता मागच्या पायांवर जोर देऊन उठेल. तीन वेळा. बास. आठवड्याने चार, मग पाच. ढब्बू सुरुवातीला पूर्ण बसूच शकत नव्हता, तर आम्ही एक जाड उशी मागे ठेवली आणि उशीवर बसवायचो, नंतर पातळ उशी, नंतर नुसती मॅट. सातव्या आठवड्यात एका सकाळी पट्टा वाजला आणि हा एका झटक्यात उभा, मी वहीत खूण करायची विसरून गेले.

दुसरा, काठ्यांवरून चालणं. झाडूचे दांडे किंवा पीव्हीसी पाइपचे तुकडे, चार, जमिनीवरच ठेवायचे. दोन काठ्यांमधलं अंतर कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीइतकं, लॅबला साधारण दोन फूट. हळू चालवत न्या, पळवत नाही, त्याने प्रत्येक पाय विचार करून उचलायला हवा. दोन-तीन फेऱ्या. तीन आठवड्यांनी काठ्या दोन इंच उचला, त्याहून जास्त गरज नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी त्याने काठी तोंडात धरली आणि घेऊन गेला.

तिसरा, तोल. उभं राहिल्यावर कंबरेला बाजूने अगदी हलका हात लावा, ढकलायचं नाही, तो परत तोल सावरेल, तीन सेकंद, मग दुसऱ्या बाजूने. आणि चौथा, दाण्याच्या मागे नाक फिरवणं, खांद्यापर्यंत, मग कंबरेपर्यंत, मग पुढच्या दोन पायांच्या मधे खाली. दोन बादल्यांभोवती इंग्रजी आठ काढणं हेही चांगलं, जागा असेल तर. मोठ्या शहरांत पाण्यातली फिजिओथेरपी मिळते, खर्च झेपत असेल तर जरूर, पाण्यात वजन जाणवत नाही. पण घराजवळच्या तळ्यात पोहायला सोडू नका, दमला तर बाहेर कसा काढणार.

शिकवणं

म्हातारा कुत्रा काय शिकणार, असं सगळे म्हणतात. ढब्बूने अकराव्या वर्षी पाच नवीन गोष्टी शिकल्या, पिल्लापेक्षा लवकर, कारण तो पिल्लासारखा दर दोन सेकंदांनी झुरळामागे जात नाही. फक्त एका वेळी तीन-चार मिनिटं, दुपारच्या झोपेतून उठल्या उठल्या नाही, आणि बक्षीस मऊ हवं, दातांचा विचार करून.

सगळ्यात आधी हाताच्या खुणा शिकवा, कान जायच्या आधी. पद्धत अशी की आधी खूण, एक सेकंद थांबा, मग जुना शब्द. तळवा वर करा, थांबा, "बस" म्हणा, बसला की दाणा. उलटं केलं, म्हणजे शब्द आधी, तर तो खुणेकडे बघतच नाही. पंधरा-वीस वेळा झालं की शब्द गाळून बघा. येणे, बसणे, थांबणे आणि शाब्बास, या चार खुणा पुरतात. शाब्बासला आम्ही अंगठा ठेवलाय. खुणा मोठ्या आणि छातीसमोर करा, डोळ्यांत निळसर झाक आलेली असते. नुसती निळसर झाक वयाची असते, बऱ्यापैकी दिसतं. पांढरा मोती दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

त्याने स्वतःहून आपल्याकडे बघितलं की दर वेळी दाणा द्या, हीसुद्धा एक शिकवणीच. ऐकू न येणाऱ्या कुत्र्याला हाक मारून उपयोग नाही, पण ज्याला दर थोड्या वेळाने मागे वळून बघायची सवय आहे त्याला खूण तरी दाखवता येते. आणि झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला एकदम हात लावू नका, दचकून चावेल आणि त्यात त्याची चूक नाही. जवळ जाऊन पायाने जमीन दोनदा ठोका, किंवा नाकासमोर हात धरा, वास घेऊन जागा होतो. घरातल्या लहान मुलांना हे आधी शिकवा.

गाडीत चढायचा उतार शिकवायचा असेल तर पहिले चार दिवस फळी जमिनीवर सपाट टाका, वर मॅट चिकटवा आणि तिच्यावर जेवण द्या. मग एक टोक विटेवर. मग दोन विटा. गाडी सगळ्यात शेवटी. थेट गाडीला लावून ओढलं तर तो परत त्या फळीजवळ येणार नाही, माझ्या मावसभावाने करून बघितलंय, फळी आता त्याच्या गच्चीवर पडलीये.

डोक्याला काम हवं, विशेषतः पावसात बाहेर जाता येत नाही तेव्हा. आप्पेपात्र घ्या, खळग्यांमध्ये दाणे टाका, वर टेनिस बॉल ठेवा. जुन्या टॉवेलमध्ये दाणे टाकून गुंडाळी करा. दहा मिनिटांत तो असा दमतो की विचारू नका. आप्पेपात्र दुसरं घ्या हं, आईने माझं तेच परत वापरायला नकार दिलाय.

रात्र, आणि कधी थांबायचं

रात्री उठून घरभर फिरणं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहून दार उघडायची वाट बघणं, घरात शू होणं, ही मेंदूच्या म्हातारपणाची लक्षणं असू शकतात. रागावू नका, आधी डॉक्टरांकडून लघवीचं इन्फेक्शन आणि दुखणं तपासून घ्या, काही औषधंही असतात. घरी आम्ही एवढंच केलं, पॅसेजमध्ये छोटा दिवा, फर्निचर जागचं हलवायचं नाही, संध्याकाळी हुंगायची फेरी, झोपायच्या आधी एकदा खाली. अचानक मान एका बाजूला कलली, बुबुळं इकडून तिकडे सरकतायत आणि कुत्रा पडतोय, तर लोकांना वाटतं अर्धांगवायू झाला, संपलं सगळं. लगेच डॉक्टरांकडे न्याच, पण हे बऱ्याचदा कानाच्या आतल्या तोलाचं असतं आणि काही दिवसांत ते दोन आठवड्यांत सुधारतं, तेव्हा त्या पहिल्या दिवशी कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका.

व्यायाम त्याच दिवशी बंद कधी करायचा, तर खोकला येत असेल, विश्रांतीतही श्वास मिनिटाला तीसच्या वर असेल (झोपल्यावर मोजा, छाती एकदा वर-खाली म्हणजे एक), हिरड्या पांढुरक्या असतील, किंवा कालचं आवडतं जेवणही नको म्हणत असेल.

आणि वही चालू ठेवा. आठवड्यात तीन फुल्या आल्या की मी डॉक्टरांना फोन करते, वहीचा फोटो पाठवते, ते औषध कमी-जास्त करतात. परवाच्या पानावर बाबांनी ढब्बूच्या शेजारी स्वतःचा पण एक रकाना आखलाय. सोमवारी त्यांची फुली, ढब्बूची बरोबरची खूण.